ताममावशीची लाल काच

अन्याय झाला तो ताममावशीवर. गेल्या ऑगस्टमध्ये, वू लानच्या रविवारी, सकाळची प्रार्थना सुटल्यावर आणि जेवणाची पंगत बसायच्या आत. टिलबर्गच्या व्हिएतनामी बुद्धविहाराच्या दारात, सगळ्यांच्या देखत. कुणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. एका गोड मुलीने तिच्या छातीवर एक पांढरं फूल टाचलं, इतकंच. एवढ्याशा गोष्टीला अन्याय म्हणायचं का, असं विचारणारे लोक मला ओळखीचे आहेत. त्यातले बरेच या अंकाचे वर्गणीदार आहेत. त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

मी पत्रकं वाटत आणि पुढे पत्रकं लिहीत वाढले. पिंपरीच्या आमच्या वस्तीत नळाला पाणी नसलं की वडील पत्रक काढायचे, आणि त्यांचा नियम होता: पहिल्या ओळीत कोणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत लोकांनी काय करायचं, आणि मधे रडगाणं नको. तो नियम मी पाळणार आहे. पण पत्रक एका पानात संपतं. ताममावशी एका पानात बसत नाही.

ताम हे तिचं खरं नाव नव्हे. दक्षिण व्हिएतनाममध्ये घरातल्या मुलांना क्रमांकाने हाक मारतात आणि मोजायला दोनपासून सुरुवात करतात. थोरल्यालाच 'दोन' म्हणतात. असं का, याची विहारात जितकी माणसं तितकी उत्तरं आहेत. ताम म्हणजे आठ, म्हणजे ही सातवी. खरं नाव तिने मला एकदा सांगितलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही, कारण तिने तसं बजावलं आहे.

सत्तरीला टेकलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी. इथल्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात तिची सगळी नोकरी गेली. डच ती तिथेच शिकली, त्यामुळे तिच्या डचमध्ये वाफ, डाग आणि घाई यांचे शब्द भरपूर आणि बाकीचे कमी. माझी डच संध्याकाळच्या वर्गातली. दोघींचं मिळून एक पूर्ण वाक्य व्हायचं. तिचा सगळ्यात लाडका शब्द 'मू', म्हणजे थकलेला. माणूस मू असायचा, कॅमेऱ्याची स्प्रिंग मू असायची, नोव्हेंबरातला उजेड तर कायमचा मू. "आज उजेड मू आहे," असं म्हणून ती कॅमेरा पिशवीत टाकायची आणि स्वयंपाकघरात भाजी चिरायला जायची. मी एकदा आईच्या पद्धतीने धीर दिला की उजेड काय, उद्याही येईल. ती म्हणाली, "इथे? काही सांगता येत नाही."

विहार गोदामांच्या वस्तीत आहे. आधी तिथे टायरचं दुकान होतं, आणि कडक ऊन पडलं की उदबत्तीच्या वर अजून रबराचा वास येतो. मी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, शेजारच्याच एका गोदामात पाळ्या लावायच्या कामाला लागले, आणि एका रविवारी बुद्धाचा पुतळा दिसला म्हणून आत शिरले. मराठी मंडळात गेले की लोक पूर्ण नाव विचारतात, आडनावासकट, आणि मग थोडं थांबतात. इथे मला कुणी नावच विचारलं नाही. एका बुटक्या बाईने कॅमेऱ्यामागून विचारलं, "जेवलीस का?" मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तिने बटण दाबलं.

ही तिची पद्धत. हसा म्हणायचं नाही, इकडे बघा म्हणायचं नाही. जेवलास का, एवढंच विचारायचं आणि उत्तर सुरू व्हायच्या क्षणी फोटो घ्यायचा. त्यामुळे तिच्या सगळ्या फोटोंतली माणसं काहीतरी सांगायच्या बेतात असतात. 'हो' म्हणणाऱ्यांचे गाल वर गेलेले, 'नाही' म्हणणाऱ्यांच्या भुवया. खोटं बोलणारे तर लगेच ओळखू येतात, ती म्हणायची.

कॅमेरा तिने राणीच्या वाढदिवसाला रस्त्यावर जो जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो त्यात घेतला होता. तेव्हा इथे राणी होती. रोल घालायचा, ब्लॅक अँड व्हाइट. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून ती स्वतः धुवायची आणि ओल्या प्रती मोज्यांच्या शेजारी चिमट्याने वाळत घालायची. गळ्यात कॅमेरा, अंगात प्रार्थनेचा करडा झगा, त्यावर मासे पकडणारे लोक घालतात तसलं खिसेच खिसे असलेलं जाकीट. ती पक्की शाकाहारी. विहारातली मंडळी म्हणायची, ताम मासे सोडून सगळं पकडते. फुकट काढायची आणि फुकट वाटायची, नववर्षाला, मुगाच्या वडीबरोबर एका पाकिटात. वडीचं तूप लागून कित्येक फोटोंना कोपऱ्यात डाग आहे. धुलाईघरात जन्म काढलेल्या बाईला त्या डागाचं काहीच वाटायचं नाही.

आता वू लान. हा त्यांचा आईचा दिवस. विहाराच्या दारात मुली दोन तबकं घेऊन उभ्या असतात, एकात लाल कापडी गुलाब, दुसऱ्यात पांढरे. ज्याची आई जिवंत त्याला लाल, ज्याची नाही त्याला पांढरा. येणाऱ्या प्रत्येकाला लावतात, व्हिएतनामी असो नसो. पहिल्या वर्षी मला लाल मिळाला तेव्हा मी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फूल दाखवलं. आई म्हणाली, "आणि मी मेल्यावर?" म्हटलं, पांढरं देतात. "मग लालच घालत जा," ती म्हणाली, "मला काही घाई नाही."

ताममावशी त्या दिवशी दारासमोर उभी असायची. फूल लावून माणूस आत वळला की, जेवलास का, खटॅक. वर्षानुवर्षं तेच दार, तीच जागा. आणि दर वर्षी नववर्षाच्या पाकिटांबरोबर बायकांची तीच तक्रार: ताम, आमचे ओठ कुठे गेले? खरंच, वू लानच्या फोटोंत कुणालाच ओठ नसायचे. चेहरे आजारातून उठल्यासारखे फिकट. लालभडक लिपस्टिक लावून आलेल्या बायका तर जास्तच बिनओठांच्या. मग पुढच्या वर्षी त्या आणखी गडद लावून यायच्या. ताममावशी मान डोलवायची आणि पुन्हा ओठ गायब.

मला वाटायचं, म्हाताऱ्या कॅमेऱ्याचा दोष. एका वू लानला मी तिच्याजवळ उभी राहून तेच बोलले. तिने भिंगावरची एक गोल काच फिरवून काढली आणि माझ्या हातात दिली. काच लाल होती. डोळ्याला लावून तबकं बघ, म्हणाली. मी बघितलं. सगळं जग लाल, आणि दोन्ही तबकांतले गुलाब अगदी एकसारखे. कुठलं लाल तबक आणि कुठलं पांढरं, कळेना.

"आता सांग," ती म्हणाली, "कुणाची आई आहे आणि कुणाची नाही?"

या काचेतून काढलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोत लाल गुलाबही पांढराच उमटतो. ओठ गेले तर जाऊ देत, असा तिचा हिशेब. ही काच ती फक्त वू लानला लावायची.

कशासाठी, ते तिने त्याच दुपारी स्वयंपाकघरात मूग धुताना सांगितलं, मी काही न विचारता. देश सोडताना दोन होड्या ठरल्या होत्या. पहिलीत ती आणि थोरला भाऊ. धाकट्याला ताप होता म्हणून आई त्याला घेऊन दुसरीने येणार होती, त्याच आठवड्यात. पहिल्या होडीला एका मालवाहू जहाजाने उचललं, ते जहाज या देशाचं, म्हणून ही इथे. दुसरी होडी बुडाली असं कुणी पाहिलं नाही. पोचली असंही कुणी पाहिलं नाही. भाऊ जिवंत होता तोवर पत्रं पाठवत राहिला, निरनिराळ्या देशांतल्या छावण्यांना. पुढे छावण्याच बंद झाल्या. विहारात ताममावशीसारखे आणखीही आहेत. त्यातले काही पांढरं फूल घेतात, काही लाल. काहीजण त्या दिवशी आजारी पडतात. आणि तिला? जिच्या गळ्यात कॅमेरा आहे तिला फूल लावायला कोण जाणार? पट्टा मधे येतो. तबकाच्या मुलींना ते माहीत होतं, त्यांच्या आधीच्या मुलींनाही. इतक्या वर्षांत तिच्यासमोर कुणी तबक धरलं नव्हतं.

मी तेव्हा फार शहाणपणा केला. म्हटलं, मावशी, आज ती असती तर किती वर्षांची असती? ती मूग चोळत राहिली. मग म्हणाली, थांगची आई अजून चालते.

"आणि मला कुणी सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

थांगकाका म्हणजे विहाराच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त हिशेबनीस. साठी ओलांडलेला, नीटनेटका माणूस, भाषणात 'भविष्य' हा शब्द वापरणारा. त्यांची आई नव्वदीच्या बरीच पुढे गेलेली, चाकांच्या वॉकरच्या आधाराने चालणारी, कानाने ठार आणि तोंडाने फटकळ. आईचा हात धरून लाल गुलाब लावून घेणारा तो विहारातला सगळ्यात म्हातारा मुलगा, आणि त्याला त्याचा सार्थ अभिमान. ताममावशीने त्यांचा फोटो दर वर्षी काढला होता. काळे केस, मग करडे, मग टक्कल.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली सांगते. एका वू लानला एक माणूस लाल फूल लावून दारात उभा होता आणि त्याचा फोन वाजला. सायगावहून बहीण. फोन ठेवल्यावर त्याने फूल काढलं आणि हातात धरून तसाच उभा राहिला. मागची रांग थांबली. तबकाची मुलगी पांढरं फूल घेऊन पुढे झाली, पण तो हात खाली करेना. ताममावशी त्याच्याजवळ गेली, त्याच्या मुठीतलं लाल फूल घेतलं, परत त्याच्या छातीवर टाचलं आणि आपल्या जागी जाऊन कॅमेरा डोळ्याला लावला. जेवलास का, तिने विचारलं. तो माणूस रडत 'नाही' म्हणाला. तो फोटो त्याच्या घरी भिंतीवर आहे. त्यातलं फूल पांढरं आहे. त्या सकाळी आई होती म्हणावं तरी खरं आणि नव्हती म्हणावं तरी खरं.

माझ्या मते ही बाई काय करत होती ते एवढंच: वर्षातून एक दिवस ती एका दारात उभी राहून, ज्या प्रश्नाचं उत्तर लोकांकडे नाही तो प्रश्न पुसून टाकत होती. आणि त्या बदल्यात तिलाही कुणी तो विचारत नव्हतं.

मग शहरातली एक सांस्कृतिक संस्था आली. नाव लिहीत नाही. नावाने काही फरक पडत नाही, अशा संस्था एकाच साच्यातून निघतात. त्यांना 'आपले शेजारी' अशा धर्तीचं प्रदर्शन करायचं होतं, आणि त्यांचा एक तरतरीत मुलगा विहारात कॉफी प्यायला बसला. थांगकाकांनी त्याला ताममावशीकडे आणलं. ती द्यायला तयार नव्हती. ही पाकिटातली चित्रं आहेत, म्हणाली, भिंतीवरची नव्हेत. थांगकाकांनी समजूत घातली: विहाराचं नाव होईल, नगरपालिकेला आपण दिसू, पुढच्या पिढीचं भविष्य. शेवटी तिने वू लानच्या निगेटिव्हचा डबा दिला आणि एकच अट घातली. जशी आहेत तशी लावायची. मुलाने मान हलवली. मी समोर होते. ती मान मला अजून दिसते.

मार्चमध्ये उद्घाटन झालं, शहरातल्या मोठ्या सामाजिक सभागृहात. आम्ही सगळे बसने गेलो. ताममावशीने जाकीट न घालता कोट घातला होता. आत शिरलो तर दाराएवढे उंच फलक, आणि फोटो रंगीत.

रंग यंत्राने भरले होते. यंत्राला काय ठाऊक? त्याने कातडीला कातडीचा रंग दिला, झग्यांना करडा, ओठांना गुलाबी. पहिल्यांदाच सगळ्या बायकांना ओठ मिळाले. आणि फुलं पांढरी दिसत होती म्हणून त्याने ती पांढरीच ठेवली. शुभ्र. एकूण एक.

ज्यांच्या आया घरी भात शिजवत होत्या, ज्यांच्या आया शेजारी उभ्या होत्या, ते सगळे तिथे दाराएवढे होऊन आईचं सुतक धरून उभे. तसं बघितलं तर कागदावर थोडा रंग. पण ज्या माणसांनी वर्षानुवर्षं ते लाल फूल घेताना मनात हुश्श केलंय, त्यांना विचारा. एक बाई बाहेर जाऊन आईला फोन लावत बसली, नुसता आवाज ऐकायला.

आणि मधोमध थांगकाका. टक्कल, कोट, पांढरा गुलाब. त्यांच्या आईची खुर्ची त्या फलकासमोर आणून ठेवली होती. म्हातारीने बराच वेळ बघितलं. मग चढ्या आवाजात, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मुलाला विचारलं, "मी कधी गेले?"

शेजारच्या मुलीने मला अर्थ सांगितला तेव्हा म्हातारी स्वतःच हसत होती, एकटी. मेल्यावर तरी पोरगा किती नीट उभा राहिलाय बघा, म्हणाली. थांगकाकांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. जिवंत आईच्या नावाने पांढरं फूल म्हणजे त्यांच्यात अपशकुन, आणि हा तर अख्ख्या शहराने बघायला टांगलेला.

फलकाच्या खाली लिहिलं होतं: विहाराच्या संग्रहातून. ताममावशीचं नाव कुठेच नाही. मी त्या तरतरीत मुलाला गाठलं. तो गोंधळला, मग म्हणाला की काळेपांढरे फोटो शाळेतल्या मुलांना जवळचे वाटत नाहीत, आणि रंग ही एक कलात्मक निवड आहे. फलक उतरवता येणार नाहीत, कारण पुढे ते रायस्वाइकला आणि आणखी कुठे कुठे जायचे आहेत, तारखा ठरल्यात. फार आग्रह केल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक फलकाच्या तळाला एक पट्टी चिकटवली. रंग प्रत्यक्षापेक्षा वेगळे असू शकतात. रंगाच्या डब्यावर लिहितात तसं.

मी पेटले होते. त्याच रात्री पत्रक लिहायला घेतलं, डचमध्ये, शब्दकोश घेऊन. दुसऱ्या दिवशी ताममावशीला दाखवलं. तिने ते न वाचता घडी घातलं. आणखी एक कागद, म्हणाली, आणि त्यात पुन्हा माझ्या लोकांचे चेहरे. नको. मी भांडले. गप्प बसून कुणाचं भलं झालंय, असं बरंच ऐकवलं. ती ऐकून घेत होती, धुलाईघरातल्या यंत्राचा आवाज ऐकून घ्यावा तशी. शेवटी म्हणाली, "तुला लिहायचंच असेल तर त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत लिही."

म्हणून हे मराठीत.

समितीची बैठक मे महिन्यात झाली. विहारात कुणालाही बसता येतं, म्हणून मी मागे बसले. शेजारची मुलगी मला अर्थ सांगत होती. कुणीही संस्थेबद्दल बोललं नाही. संस्था डच, संस्था मोठी, आणि विहाराच्या नव्या छपराच्या परवानगीचं काम नगरपालिकेत अडकलेलं. बोलले ते ताममावशीबद्दल. फुलांचे रंग दिसतच नाहीत असे फोटो ही इतकी वर्षं काढत होती, आणि कुणाला सांगितलंसुद्धा नाही. हा विहार आहे, इथे लपवाछपवी कशाला? थांगकाका म्हणाले की त्यांच्याकडचे सगळे वू लानचे फोटो त्यांनी काढून बघितले आणि प्रत्येकात त्यांचं फूल पांढरं आहे. म्हणजे ही बाई दर वर्षी माझ्या आईला मारत होती. असं ते म्हणाले. शब्द तेच आहेत, मी मुलीला दोनदा विचारून घेतले.

ताममावशीला बोलता आलं असतं. डबा तुम्हीच द्यायला लावलात, असं म्हणता आलं असतं. मी घातलेली अट त्या मुलाने मोडली, असंही. समोर बसलेल्यांपैकी किमान चार माणसांची आई त्या दुसऱ्या होडीसारखीच कुठेतरी अडकलेली होती आणि ती चारही माणसं खाली बघत होती. त्यांच्याकडे तिला नुसतं बघता आलं असतं. ती उठली. "काच माझी होती," म्हणाली. मग कुणासाठी कोण जाणे, डचमध्ये म्हणाली, "मी मू आहे." आणि बसली.

ठरलं ते असं. यापुढे विहारातले फोटो बाहेरचा व्यावसायिक माणूस रंगीत काढेल. को ताम, म्हणजे ताममावशी, यांनी इतकी वर्षं सेवा केली, आता विश्रांती घ्यावी. टाळ्या वाजल्या. माणसाला बाजूला करताना वाजवतात त्या टाळ्या मला लहानपणापासून ओळखू येतात.

आता तो ऑगस्टचा रविवार. मला वाटलं होतं ती येणारच नाही. आली. करडा झगा, जाकीट नाही, गळा मोकळा. हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. एकदा कमरेवर, एकदा पाठीमागे, मग एकमेकांत. रांगेत माझ्या पुढे तीन माणसं सोडून ती उभी होती. दारासमोर तिच्या जागेवर एक तरुण फोटोवाला, दोन कॅमेरे, एक दिवा. तो सगळ्यांना हसायला सांगत होता आणि सगळे हसत होते.

तबकं धरणारी मुलगी या वर्षी नवीन होती, शाळा नुकतीच संपलेली. तिचा काही दोष नाही, हे मी इथेच लिहून ठेवते. तिने सगळ्यांना विचारलं तसं ताममावशीलाही विचारलं, लाल की पांढरं. ताममावशी तबकांकडे बघत राहिली. एकदा या, एकदा त्या. मागची माणसं थांबली. मला पुढे व्हायचं होतं, पण होऊन काय सांगणार होते? ती चार माणसंही रांगेत होती आणि त्यांच्या छातीवर ज्याने त्याने ठरवलेली फुलं होती. मुलीने थोडा वेळ वाट बघितली. मग समोरच्या पांढऱ्या केसांकडे बघून, अगदी आदराने, मान लववून, तिने स्वतःच पांढरं फूल उचललं आणि ताममावशीला लावलं.

ज्या आईचा निकाल इतक्या वर्षांत समुद्राने दिला नव्हता, तिचा एका अंदाजाने लागला.

ताममावशीने फूल काढलं नाही. ती पोरीला नमस्कार करून आत वळली. फोटोवाल्याने हसायला सांगितलं. ती हसली नाही, तरी दिवा चमकला आणि तो रंगीत फोटो निघाला. तो आता विहाराच्या संकेतस्थळावर आहे. फुलाचा रंग अगदी बरोबर आलाय.

जेवायला ती थांबली नाही. मी ताट सोडून बाहेर पळाले तेव्हा ती गोदामांसमोरच्या बसथांब्यावर उभी होती. रविवारची बस तासाला एक. वारा होता, पण फूल उडेल असा नव्हता. टाचणी घट्ट होती. तरी तिने उजवा तळहात त्या फुलावर सपाट ठेवला होता, पूर्ण झाकून, शपथ घेताना ठेवतात तसा. मी रस्त्याच्या अलीकडे उभी राहिले. जेवलीस का, एवढं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण ते तिचं वाक्य. बस आली. तिने डाव्या हाताने पिशवी उचलली, डाव्याच हाताने कार्ड लावलं आणि बसली. उजवा हात हलला नाही. त्यानंतर ती विहारात आलेली नाही. दार उघडते, मुगाची वडी देते, कॅमेऱ्याचं नाव काढत नाही.

आता शेवटची ओळ, वडिलांच्या नियमाप्रमाणे, आणि ती तुमच्यासाठी आहे.

गेल्या गुढीपाडव्याला आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम त्याच सभागृहात झाला. नऊवारी नेसून, फेटे बांधून तुम्ही त्या फलकांसमोर उभे राहिलात आणि फोटो काढलेत. मी पाहिलेत ते. ग्रुपवर तुम्हीच टाकलेत, खाली बदाम टाकून. 'किती सुंदर पांढरे गुलाब,' असं एकीने लिहिलंय. ते फोटो अजून तुमच्या फोनमध्ये आहेत. पुसा. हे वाचून झाल्यावर नव्हे, आत्ता. आणि येत्या ऑगस्टमध्ये वू लानला टिलबर्गला या. तिथे पूर्ण नाव कुणी विचारत नाही. रांगेत उभे राहा, तुमच्या आईचं जे असेल ते फूल लावून घ्या, आणि त्या भाड्याच्या माणसाने कॅमेरा उचलला की तळहात फुलावर ठेवा. ताममावशीला तिच्या जागी परत बोलवत नाहीत तोवर तो काढू नका.